आईच्या मुठीचा ठसा

पारोळ्याला आईच्या परसात वांग्यांचे दोन वाफे आहेत. संधिवाताने तिची बोटं वाकडी झाली, खुरपं हातात टिकेना. तरी "दुखतं का?" विचारलं की म्हणायची, "हात रुसेल शेतस, दुसरं काय!" एकदा मात्र फोनवर म्हणाली, "औंदा वांगा नही लावत माय." मला ते ऐकवेना. वाफे मोकळे ठेवून आई नुसती ओट्यावर बसलेली मला बघायची नव्हती.

मी धुळ्याच्या कारखान्यात यंत्रांच्या भागांचे आराखडे काढते. म्हटलं, एका खुरप्याची मूठ ती काय! जाडजूड, रबर गुंडाळलेली मूठ करून नेली. आईने ती उलटसुलट करून पाहिली.

"खुरपं शे का मुसळ?"

मग सुचलं, आधी तिच्या हाताचाच ठसा घ्यावा. ती कळण्याची भाकरी करत होती. ज्वारी-उडदाच्या त्या पिठाचा गोळा तिच्या मुठीत दाबून घेतला, ताटलीत ठेवला आणि मोजपट्टी आणायला आत गेले. परत येते तो काय, आईसाहेबांनी ठसा थापून तव्यावर टाकलेला!

"अन्न शे माय ते, खेळाकरता नही."

ठेच्याबरोबर निमूट खाल्ली ती भाकरी.

दुसऱ्या गोळ्यापासून मी हललेच नाही. त्यात तीन बोटं खोल उमटली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट उमटलंच नाही. म्हणजे आई तीन बोटांनी खुरपत होती आणि वर हात रुसल्याची थट्टा करत होती.

नवी मूठ कडुलिंबाची केली. त्या दोन बोटांच्या बाजूला फुगीर, ती नुसती टेकली तरी पुरे अशी. आई वाफ्यात बसली, एक अख्खी ओळ खुरपून काढली. उठताना हाताची माती झटकत म्हणाली, "हात मानी गयात वं." त्या वर्षी वांगी लागली.

हिवाळ्यात भरीत खायला गेले. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसले होते. हल्ली उठल्यावर माझीही बोटं लवकर उघडत नाहीत, पण हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईने परातीतला गोळा उचलून माझ्या हातात ठेवला.

"आते तू दाब."

मी दाबला. करंगळी नीट उमटली नाही. तिने तो उजेडाकडे धरून पाहिला. त्या गोळ्याची भाकरी तिने केली नाही.