राखणीला बसलेला डॉक्टर

निनियन लेडलॉचा बाप हेरिंग मासळी खारवायची लाकडी पिंपं बनवायचा. स्कॉटलंडमधल्या फाइफच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात पिंप बनवणाऱ्याचा मुलगा शस्त्रवैद्य झाला याचं लोकांना कौतुक होतं, पण तेवढ्यासाठी आजारी पडायला कुणी तयार नव्हतं. शिवाय गावात आधीचे दोन डॉक्टर होते. जे कुणी निनियनकडे येत ते मासळी देऊन जात. एफीशी त्याचं लग्न झालं तेव्हा घरात खाऱ्या हेरिंगची तीन पिंपं होती. बाकी एक टेबल होतं, पण ते शस्त्रक्रियेचं होतं.

१८५३ साली ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एका जहाजाला डॉक्टर हवा होता. पगार नाही, नवराबायकोचा प्रवास फुकट. दोघं निघाली. चार महिन्यांच्या वाटेत जहाजावर सतरा जन्म झाले आणि एकोणीस मृत्यू. किनारा दिसल्यावर कप्तानाने वही उघडून बघितली आणि म्हणाला, "डॉक्टर, दोघांनी कमी पडलो आपण."

निनियनने त्याच दिवशी करवत, चिमटे, सुऱ्या तेलाच्या फडक्यात गुंडाळल्या आणि ट्रंकेच्या तळाशी घातल्या.

"आता माती कापणार," तो एफीला म्हणाला. "माती ओरडत नाही."

एफीला वाटलं, बोटीचा शीण आहे, उतरेल. तो उतरला नाही. बॅलरॅटच्या सोन्याच्या खाणींवर पोचल्यावर तो डॉक्टरांच्या तंबूंवरून मान न वळवता पुढे गेला आणि फावडं घेऊन आला. एफीची अपेक्षा फार नव्हती. दारावर नवऱ्याच्या नावाची पाटी, पायाखाली फळ्यांची जमीन. मिळालं ते असं की पाऊस पडला की पलंगाचे पाय चिखलात बोटभर खाली जात आणि ती सकाळी उठून ते उपटून काढी.

तिथे सोनं होतं ते जमिनीखाली गाडल्या गेलेल्या एका जुन्या नदीच्या पात्रात. पात्र कुठे वळलंय हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून माणसं अंदाजाने जागा धरत आणि शेजारच्या खड्ड्यात काय निघतंय याची वाट बघत. नियम एकच होता: रोज सकाळी दहा ते बारा जागेवर भागीदारांपैकी कुणीतरी, किंवा त्यांच्या घरचं खणायचा सरकारी परवाना असलेलं माणूस, हजर पाहिजे. नसलं तर येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही चार खुंट्या ठोकाव्यात आणि जागा घ्यावी.

निनियनच्या जागेत आठ भागीदार होते. सात कॉर्नवॉलचे, पिढीजात खाणवाले. आठवा हा. महिनाभर त्यांनी त्याचं खणणं बघितलं. माणसं सभ्य होती. त्यांच्यातला थोरला, जागो ट्रेम्बाथ, एक दिवस टोपी हातात घेऊन म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही राखणीला बसाल का? ते फार जबाबदारीचं काम आहे."

निनियन पालथ्या खोक्यावर बसायला लागला. पाइप ओढायचा, चार महिन्यांपूर्वीचं स्कॉटलंडचं वर्तमानपत्र वाचायचा. तिसऱ्या दिवशी एकजण लंगडत आला. त्याने स्वतःच्या पायात कुदळ मारून घेतली होती.

"मी डॉक्टर नाही. राखणीला बसलोय," निनियन म्हणाला.

"असू दे की. उठू नका, बसूनच बघा."

महिनाभरात दहाच्या ठोक्याला खड्ड्याभोवती रांग लागायला लागली. गळवं, डोळे, मोडलेली बोटं. एफी अकराच्या सुमाराला चहाचा डबा घेऊन येई आणि रांगेकडे बघून घेई. इतकी माणसं दारात पाटी असलेल्या घरात आली असती तर, असा विचार तिच्या मनात रोज येई आणि ती तो रोज बोलून दाखवी.

"या जागेत सोनं लागलं की परत फाइफला," निनियन म्हणे. "स्वतःच्या खर्चाने. वरच्या केबिनमधून." मग दरवेळी तेच, "एफी, तुझ्या नावाने परवाना काढ. मला कधी उठावं लागलं तर तुला बसता येईल."

"बघते," एफी म्हणे.

वर्षभर तिने बघितलं. सरकारी तंबू दुकानाच्या शेजारीच होता, ती आठवड्यातून दोनदा त्यावरून जाई. पण ज्या खड्ड्याने डॉक्टर नवऱ्याला रखवालदार करून टाकलं त्याची चाकरी आपणही करायची, हे तिच्या हातून होत नव्हतं.

फेब्रुवारीत दोन खड्डे पलीकडे सोनं लागलं. पात्राचा रोख सरळ निनियनच्या खोक्याकडे होता. सातही कॉर्निश घरांत केशराचे केक भाजले गेले. जागोची बायको ग्रेस एफीला म्हणाली, "बाई गं, आता आपण खणणाऱ्यांच्या बायका नाही राहिलो, मालकिणी झालो."

त्याच आठवड्यापासून ओबदाया प्रॅट नावाचा गृहस्थ रोज दहाला येऊ लागला. काखेत टोक काढलेल्या चार खुंट्या. बोलायला अत्यंत गोड.

"डॉक्टर, प्रकृती कशी आहे?"

"उत्तम."

"पोटबिट?"

"काही नाही."

"बरं. मग उद्या येतो."

मार्चमधल्या एका मंगळवारी, साडेदहाला, अर्ध्या मैलावरच्या प्रॉसरच्या खड्ड्यात आधाराच्या फळ्या सुटल्या. इव्हान प्रॉसरचा पाय तळाशी दगडाखाली सापडला आणि पाणी चढायला लागलं. बोलवायला आलेला माणूस 'पाय, पाय' एवढंच म्हणत तिकडे हात दाखवत होता. एफी त्या दिवशी चहा घेऊन लवकर आली होती. निनियनने खड्ड्याकडे बघितलं, प्रॅटकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"बस इथे," तो म्हणाला आणि ट्रंक उघडायला तंबूकडे पळाला.

एफी खोक्यावर बसली. प्रॅटने घड्याळ काढलं. पाच मिनिटं तो माणुसकी म्हणून थांबला.

"लेडलॉबाई, परवाना असेलच ना?"

"चहा घेणार का तुम्ही?"

"आधी परवाना बघतो, मग चहा घेतो."

एफीने समोरून जाणाऱ्या दोघांना हाका मारल्या, ट्रेम्बाथकडे निरोप द्या म्हणाली. तेही प्रॉसरच्या खड्ड्याकडेच धावत होते. सातही भागीदार तिथे दोर ओढत होते. त्यांच्या बायका तिथे होत्या. सगळं बॅलरॅट तिथे होतं. डॉक्टर वर्षभर त्या खोक्यावर असा बसला होता की बसणं हेही काम आहे, हे लोक विसरून गेले होते.

प्रॅटने तीन खुंट्या ठोकल्या. चौथीला थांबला.

"जरा घागरा आवरता का? ही तिथे येते."

एफीने आवरला नाही. त्याने वितभर बाजूला ठोकली. ती बारापर्यंत बसून राहिली.

तिकडे निनियनला दोराने खाली सोडलं. तो पाण्यात पालथा पडून, मेणबत्तीच्या उजेडात, चाळीस मिनिटं काम करत होता. पाय गुडघ्याखाली कापला. प्रॉसर वर आला तो जिवंत. त्यानंतर निनियन आला आणि त्याने किती वाजले विचारलं.

"सव्वाबारा," जागो म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा पांढरा पडला.

गुरुवारी खाणींवरचे सरकारी साहेब घोड्यावरून जागेवरच निवाड्याला आले. बरोबर खाणवाल्यांमधून निवडलेले चार पंच. चौघांतले तिघं निनियनचे रोगी. एकाच्या अंगठ्याला त्यानेच बांधलेली पट्टी अजून होती.

साहेबांनी एफीला विचारलं, "आपल्याकडे परवाना होता?"

"नाही."

"काढायचा राहून गेला?" साहेब मवाळपणे म्हणाले. तेही नवरेच होते कुणाचे तरी.

मान हलवली असती तर भागलं असतं. एफीने गर्दीत उभ्या असलेल्या ग्रेसकडे बघितलं.

"राहून नाही गेला. हे वर्षभर सांगत होते. मी काढला नाही."

पंचांना पाव तास लागला. जागा प्रॅटची. पट्टीवाला निनियनजवळ आला. "डॉक्टर, तुमच्यासाठी नियम वाकवला तर उद्या माझी जागा कोण राखणार? वाईट वाटून घेऊ नका. अंगठा उद्या दाखवू ना?"

"दाखव की," निनियन म्हणाला. "पण येशील कुठे?"

याचा विचार पंचांनी केला नव्हता.

एफी त्याच दुपारी ग्रेसकडे गेली. ग्रेस पीठ मळत होती. तिने हात थांबवले नाहीत.

"माझा परवाना घरात होता," ग्रेस म्हणाली. "मी तिकडे चहा वाटत बसले. जागा डोक्यातच आली नाही. तुझा नवरा म्हणजे मला तिथला दगडच वाटायचा."

"मग चूक सगळ्यांचीच—"

"मी विसरले, एफी. तू विसरली नव्हतीस."

त्यानंतर ग्रेस चार वर्षं तिच्याशी बोलली नाही. बाळंतपणाला मात्र निनियनलाच बोलावलं, दोनदा.

निनियनने घरात एक शब्द काढला नाही. शेवटी निवाड्यानंतर आठव्या दिवशी एफीनेच विषय काढला.

"तुम्ही मला बोला तरी काहीतरी."

"काय बोलू? मी उठलो, जागा गेली."

"मी परवाना काढला नव्हता."

"माहीत होतं मला."

"मग मला बसवून का गेलात?"

"दुसरं कोण होतं?"

महिन्याभरात पाटी लागली. वर्षभरात घर झालं, फळ्यांची जमीन आली. एफीला हवं होतं ते सगळं मिळालं आणि ती ते रोज पुसून लख्ख ठेवी. प्रॅटला सोनं लागलं; त्याने मेलबर्नला हॉटेल काढलं. प्रॉसर लाकडी पायावर गावभर हिंडायचा आणि डॉक्टरने पाय दोन बोटं जास्तच कापला म्हणून तक्रार करायचा. निनियन दर रविवारी चर्च सुटलं की सोनं धुवायची थाळी घेऊन ओढ्यावर जाई आणि ओला होऊन परत येई. आपला परवाना तो दरवर्षी नवा करी. त्या वर्षापासून एफीनेही दरवर्षी काढला. बसायला जागा नव्हती, तरी काढला.

१८८४ च्या हिवाळ्यात निनियन न्यूमोनियाने गेला. दुसऱ्या दिवशी एफी नोंद करायला कचेरीत गेली. टेबलामागे ग्रेसचा धाकटा होता. नाव, वय, जन्मगाव त्याने न विचारताच भरलं.

"धंदा... डॉक्टर," तो लिहू लागला.

"थांब. खाणकामगार लिही."

त्याने मान वर केली. "काकू, माझा जन्म त्यांच्या हातचा आहे."

"मला सांगतोस? खाणकामगार लिही."

"अहो, गावात कुणाला पटणार नाही हे."

"गावाला नाही विचारलंय."

त्याने टाक पुन्हा शाईत बुडवला. मग त्याने लिहिलं. शाई वाळेपर्यंत एफी बघत उभी राहिली, आणि मग तिने सही केली.