सात-वीसचे मुंगूस

आमच्या फाटकापासून कालव्याच्या कठड्यापर्यंतचा रस्ता माझ्या मापाने अकरा पावले आहे. मुंगसाला तो ओलांडायला चार सेकंद लागत. सॉल्ट लेक वसाहतीतल्या या घरात बदलीवर आल्यापासून रोज सकाळी चहाचा कप हातात धरून मी तेच पाहत होतो.

मुंगूस दिसणे आमच्याकडे शुभ मानतात. लहानपणी आम्ही त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगायचो. पुढे बँकेत लागलो, चार राज्यांत बदल्या झाल्या, तरी मुंगूस दिसले की दिवस बरा जाणार, हे डोक्यातून गेले नाही. इथे कालव्याकाठच्या झुडपांत त्यांची जोडी होती. बायको हरखून गेली. तिने फाटकाच्या आत, जास्वंदीच्या कुंडीमागे, रोज एक उकडलेले अंडे दोन फोडी करून ठेवायला सुरुवात केली. आठवड्याभरात दोघे वेळेवर येऊ लागली. सात-वीस, दोन मिनिटे इकडेतिकडे.

"तुमच्या बँकेपेक्षा वक्तशीर आहेत," बायको म्हणायची.

त्याच वेळी सेक्टर फाइव्हमधल्या ऑफिसांकडे जाणाऱ्या गाड्या मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला आमच्या गल्लीत घुसतात. गल्लीच्या तोंडाशी ताशी वीसची पाटी आहे. विजेच्या दोन खांबांमधले अंतर मी टेपने मोजले आहे : तीस मीटर. गाड्या ते दोन सेकंदांत कापतात, म्हणजे ताशी चोपन्न. गतिरोधकासाठी मी दोन अर्ज दिले. दोन्हींची पोच माझ्याकडे आहे. गतिरोधक नाही.

त्या दिवशी नर आधी पार झाला. मादी मागून येत होती. आवाज फार मोठा झाला नाही. पिळलेले फडके फरशीवर टाकावे तेवढाच. गाडी वीस पावलांवर थांबली. मला वाटले, माणूस मागे येणार. तो उतरला, वाकला आणि पुढचा बंपर हाताने चाचपू लागला.

"दादा, तुमच्या गाडीखाली जनावर आलंय!" मी हिंदीत ओरडलो.

"मांजर?"

"मुंगूस. जिवंत आहे."

"मग पळेल की," तो म्हणाला आणि निघून गेला.

ती पळाली नाही. मागचे दोन्ही पाय निकामी झाले होते. पुढच्या दोन पायांवर अंग ओढत ती निघाली, आणि कठड्याकडे नाही, तर आमच्या फाटकाकडे. मला वाटले, बिचारी मदतीला येते आहे.

मी सरकारी कार्यालयांना फोन लावायला घेतले. कायद्याने संरक्षित प्राणी, आपण हात लावणे बरोबर नाही, ज्यांचे काम त्यांनीच करावे, अशी माझी नोकरीतली सवय. पहिल्या कार्यालयाने सांगितले की वसाहतीच्या हद्दीतले असेल तर दुसरीकडे विचारा. दुसऱ्याने विचारले, "जिवंत आहे की मेलेलं?"

"जिवंत."

"मग आमच्याकडे येत नाही. मेलं तर कळवा, गाडी पाठवतो."

तिसरीकडे घंटी वाजत राहिली. मी प्रत्येक फोनची वेळ कागदावर टिपत होतो. सात-चोवीस, सात-एकतीस, सात-अडतीस.

"अहो, वेळा काय लिहिताय? खोकं आणा!" बायको कडाडली.

मिक्सरच्या खोक्याला मी स्क्रूड्रायव्हरने भोके पाडली. बायकोने जाड टॉवेल वरून टाकून मादीला अलगद आत घेतले. जवळचा जनावरांचा डॉक्टर फोनवर म्हणाला, फक्त कुत्री-मांजरे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बालीगंजमधल्या एका वयस्कर डॉक्टरांनी घेऊन या म्हटले. दोन टॅक्सीवाल्यांनी खोक्यात काय आहे ते ऐकून काच वर केली. तिसऱ्याने विचारलेच नाही, म्हणून मीही सांगितले नाही. वाटभर बायको खोक्याला कान लावून बसली होती. "आहे अजून. नखांचा आवाज येतोय," ती दर सिग्नलला सांगायची.

पोचलो तेव्हा आठ-पन्नास झाले होते. डॉक्टरांनी हातमोजे घालून पाठीवरून बोटे फिरवली. कणा मोडला होता. वेदना थांबवण्यापलीकडे हातात काही नाही, असे ते म्हणाले. शेवटचे इंजेक्शन दिले. नंतर कागदावर लिहिण्यासाठी त्यांनी विचारले, "एवढ्या रहदारीच्या वेळी हा प्राणी रस्त्यावर कसा?"

"रोज यायची," मी म्हणालो. "सात-वीसला."

"का?"

बायको माझ्याकडे पाहू लागली.

"अंड्यासाठी."

"किती दिवस?"

"सहा महिने."

त्यांनी लिहून घेतले. हिशेब मीच केला. एकशे ऐंशी दिवस, येऊन-जाऊन तीनशे साठ वेळा आम्ही तिला त्या गाड्यांपुढून नेले होते, आमचा दिवस बरा जावा म्हणून. मोडल्या कण्याने ती आमच्याकडे मदतीला येत नव्हती. अंड्याकडे येत होती. टेप घेऊन खांब मोजणाऱ्या माणसाला हे सहा महिन्यांत एकदाही सुचले नाही.

परतताना दुसऱ्या कार्यालयाचा फोन आला. "ते मेलं का? गाडी मोकळी आहे."

"मेलं," मी म्हणालो, "पण तुमच्या हद्दीबाहेर."

दुसऱ्या दिवशी बायकोने अंडे ठेवले नाही. निघताना डॉक्टर म्हणाले होते, नर काही दिवस येईल, मग सोडून देईल. सात-वीसला नर कठड्याखालून डोकावला. मी चहाचा कप पायरीवर ठेवला आणि रस्त्याच्या मध्ये जाऊन हात वर करून उभा राहिलो. तो पार झाला, कुंडीमागे हुंगले, इकडेतिकडे पाहिले, पुन्हा हुंगले. तोवर दोन्ही बाजूंना सात गाड्या थांबल्या होत्या आणि हॉर्नचा नुसता कहर चालला होता.

"काका, वेड लागलंय का? ऑफिसला उशीर होतोय!" एकाने काच खाली करून विचारले.

"पाटी वाचा," मी म्हणालो. "आणि अजून तो परत जायचाय."