विलासच्या नावावर खपवलेला होकार

विलास गेला त्या दुपारी गडचिरोलीच्या दवाखान्यात लाईट होती.

ज्या माणसाचं अर्धं काम लाईट जाण्यावर चालायचं, त्याला हे शोभलं नाही.

आज वर्ष झालं.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वडशात राइस मिलच्या रांगेत त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. पोटासाठी टायपिंग शिकवायचा. उरलेल्या वेळात, फुकट, एका ओपन सोर्स टूलचा कोड तपासायचा. जगभरचे प्रोग्रामर आपल्या कामाच्या सगळ्या जुन्या-नव्या आवृत्त्या त्या टूलमध्ये सांभाळून ठेवतात. त्यात कुणी बदल सुचवला की तो विलाससारख्या दोन-चार लोकांकडे जायचा. त्यांनी "मान्य" म्हटल्याशिवाय आत जात नसे.

मी झाडीपट्टीची नाटकं लिहितो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण माणूस "नाही" कसं म्हणतो, ते त्याच्या शेजारी बसून पाहिलंय.

"काय करून राह्यला गा?"

"नाई म्हणून राह्यलो."

"कोणाले?"

"आहे एक पोट्टा, युरोपातला. लय हुशार आहे, म्हणून वेळ लागून राह्यला. ढ असता तं एका ओळीत झालं असतं."

त्या हुशार पोट्ट्याचं म्हणणं असं. "सेव्ह झालं" हे सांगण्याआधी टूल डिस्कवर खरंच लिहून होईपर्यंत थांबतं. कशाला थांबायचं? आधी सांगून टाका, लिहिणं मागून होत राहील. काम झपाट्याने उरकेल.

विलासने विचारलं, मधेच लाईट गेली तर?

उत्तर आलं, असं फार क्वचित घडतं.

विलास इतका हसला की ठसका लागला.

"क्वचित म्हणते बे! याले जावई करून आणा वडशात. उन्हाळ्यात."

मग त्याने क्लासमधल्या एका जुन्या कॉम्प्युटरचा यूपीएस काढला. त्यावर तो बदल चढवला, सारखं सेव्ह होत राहील असं लावलं, आणि लाईट जायची वाट पाहत बसला.

"प्लग उपट ना सरळ," मी म्हटलं.

"मी उपटला तं तो म्हणन, मुद्दाम केलं. आपोआप गेल्यावर काय म्हणन?"

सुनंदावहिनी, त्याची बायको, आतून म्हणाल्या, "लाईट गेली का लोकं शिव्या देतेत, भाऊ. आमच्या घरचे खुश होतेत."

लाईट जायची. यायची. स्क्रीनने सेव्ह झालं म्हणून सांगितलेल्या फायली उघडल्या, तर काही साफ रिकाम्या.

त्याने लिहून पाठवलं: हळू चालणारं टूल चालेल, खोटं बोलणारं नाही.

आणि मला म्हणाला, "खोटं बोलायले माणसं कमी पडून राह्यली काय, का आता मशीन पण लागते?"

पोट्टा चिवट होता. अजून चाचण्यांचं मोजमाप द्या म्हणाला. विलास देत राहिला.

सिकलसेल, रक्ताचा आजार, त्याला जन्मापासून. दुखणं यायचं, सांधे धरायचे, पडून राहायचा, पुन्हा उठून कोड वाचायला बसायचा. त्या खेपेला उठला नाही. दवाखान्यातून मोबाइलवर शेवटचं लिहिलं: "माझं अजून नाहीच आहे. बाकीचं बरा झाल्यावर."

तेराव्यानंतर वहिनी म्हणाल्या, "भाऊ, त्या लोकायले कळवा ना. वाट पाहत असतीन."

मी मोडक्या इंग्रजीत कळवलं. जगभरातून मोबाइलवर मेणबत्त्यांची चित्रं आली. त्या पोट्ट्यानेही लिहिलं, माझा कोड इतक्या काळजीने कधी कुणी वाचला नव्हता. मनापासून लिहिलं असावं.

काही आठवड्यांनी बदल मंजूर झाला. नाही म्हणणारा उरलाच नव्हता.

आणि खाली, "तपासून मान्य केलं" या ओळीपुढे, पहिलंच नाव विलासचं.

मला धक्का बसला म्हणावं, तर तेही खोटं. ओळखीचं वाटलं.

आमच्याकडे हिवाळ्यात गावोगावी नाटक ठरतं. गावात कुणी फारच विरोध करायला लागला की मंडळ पत्रिकेत त्याचं नाव सहउद्घाटक म्हणून छापून मोकळं होतं. माणूस इस्त्रीचा शर्ट घालून स्टेजवर येतो. विरोध संपतो.

ही आपलीच अक्कल, असा इतके दिवस मला अभिमान होता.

पण आमचा सहउद्घाटक निदान जिवंत असतो. वाटलं तर घरी बसून राहू शकतो.

वहिनींना बरं वाटेल म्हणून मोबाइल पुढे केला. त्यांनी नाव पाहिलं. पदराने स्क्रीन पुसली. मग नावाआधीची ओळ मला वाचून सांगायला लावली.

"हे तं नाई म्हणत होते ना, भाऊ?"

"हो."

"मंग मान्य केलं त्यात नाव काऊन?"

"मान म्हणून टाकलं असन, वहिनी."

"मान द्यायचा तं फोटोले हार घाला म्हणा. मेल्या माणसाच्या तोंडात हो काऊन घालता?"

मी पुन्हा लिहिलं. नाव काढा.

उत्तर फार सभ्य आलं. आदरापोटी टाकलं होतं, दुखावलं असल्यास क्षमा असावी. मात्र आता निघणार नाही. एकदा आत गेलेली नोंद बदलली, तर तिच्यानंतरच्या सगळ्याच नोंदी बदलाव्या लागतात.

हे खरंच आहे. विलासनेच मला कौतुकाने सांगितलं होतं. "याच्यात मागचं कोणाले गुपचूप बदलता येत नाई. म्हणून तं भरोसा आहे गा."

वहिनींचं वाक्य निदान त्या नोंदीखाली टाकावं म्हटलं, तर ती चर्चा बंद केलेली.

म्हणून इथे टाकतोय. माझ्या मित्रयादीत नाटकवाले, मास्तर आणि धानाचे व्यापारी. तुमच्या वाचण्याने तो बदल मागे येणार नाही, हे मला माहीत आहे. तरी वाचा.

विलास शुद्धीत होता तोवर नाही म्हणत होता. मी खाटेशेजारी बसलेलो होतो.

जाय गा, विलास. वहिनींचा आणि माझा नमस्कार.