शिबिराची जागा आणि हौसाची सासू

झेंड्याचा खांब कुठं रोवायचा यावर शाळाखात्याच्या साहेबांचा आख्खा तास गेला. मी चुन्याच्या फक्कीचं घमेलं घेऊन उन्हात उभी. दुसऱ्या दिवशी सकाळी बावीस मास्तरणी येणार होत्या. दहा दिवस राहून तंबू ठोकायला, दोराच्या गाठी मारायला, नकाशा बघून वाट काढायला शिकणार होत्या. शिकवायला एक पेन्शनीतले हवालदार, हुकूम सोडायला साहेब, आणि उरलेल्या सगळ्याला मी.

मी साताऱ्याच्या मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन. आले होते स्वयंपाकाला. पोरींच्या पाट्या बघून अक्षरं गिरवली आणि पुढं त्यांच्याच याद्या करायला लागले. म्हणून शिबिराची व्यवस्थाही माझ्या गळ्यात.

जागा वाईच्या वरचा माळ. निवडला साहेबांनी, मोटारीत बसून. "काय सीनरी आहे!" म्हणाले. होती बाई सीनरी! फक्त आडोशाला एक झुडूप नव्हतं, आणि चारी बाजूंनी गुराखी.

मी आधीच इंडेंट दिला होता. इंडेंट म्हणजे लागणाऱ्या सामानाचा कागद. वरून सही झाली की सामान मिळतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं : बायकांचे संडास, आडोशासकट. कागद परत आला. ती ओळ तांबड्या शाईनं खोडलेली आणि शेजारी शेरा, 'भाषा सभ्य असावी.'

"मग काय लिहू, साहेब?"

"अहो बाई, असल्या गोष्टी लिहायच्या नसतात. त्या होतात."

होतात म्हणे! कशा होतात ते घरी जाऊन बायकोला विचारायचं होतं. झेंड्याचा दोर मंजूर, बिगूल मंजूर, उद्घाटनाच्या पाहुण्यांच्या चहाच्या तंबूला चार कनातीसुद्धा मंजूर. कनात म्हणजे तंबूच्या बाजूला लावायची कापडाची भिंत.

तर आम्ही खांबापाशी असताना खालच्या रस्त्यावर सर्व्हिस मोटार थांबली. त्यातून हौसा मास्तरीण उतरली, माण तालुक्यातली, आणि मागोमाग तिची सासू. हौसाची नोकरी तात्पुरती. या कोर्सचं सर्टिफिकेट मिळालं तर जूनपासून कायम, नाहीतर तिच्या जागी पुरुष मास्तर. सासूनं होकार दिला होता, पण अट घालून : आधी जागा मी बघणार. म्हणून दोघी एक दिवस आधीच आल्या.

साहेबांनी उत्साहानं फिरवून दाखवलं. इथं झेंडा, इथं कवायत, इथं शेकोटी. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं.

"लय झ्याक. आन् बायांनी जायाचं कुठं?"

"फिरायला ना? त्या डोंगरावर नेणार आहोत."

"आवं, सकाळच्याला! टमरेल घिऊन!"

साहेबांचे कान लाल झाले. टोपी काढली, परत घातली. "ते... ते आमच्या बाई बघतील."

"मी मागितलं होतं. खोडलं," मी म्हणाले.

म्हातारी हौसाकडं वळली. "उचल वळकटी. आपल्या घरी निवडुंगाचं कुपान तरी हाय."

"आत्या, नोकरी जाईल माझी."

"जाऊ दे. हितं काय तमाशा मांडायचा हाय?"

हौसा रडायलाच लागली. साहेबांनी मला बाजूला घेतलं. "एक गेली तर जाऊ द्या. बायकांना हे झेपत नाही, मी वर तसं कळवलंच होतं."

माझं डोकं फिरलं. उद्या एकवीस जणी येऊन हेच बघणार, निम्म्या परत फिरणार, आणि हा माणूस कागदावर लिहिणार, झेपत नाही!

हवालदार दोर वळत बसले होते. मी विचारलं, "पलटणीत मुक्काम पडला की आधी काय करायचात? झेंडा?"

"छ्या! आधी ट्रेंच. झेंडा मागनं, येळ गावला तर."

ट्रेंच म्हणजे लांबट चर. वापरायचा, वर माती लोटायची, भरला की बुजवून दुसरा खणायचा.

"पर आक्का, वारं बघून. न्हाईतर समदा वास तुमच्या आमटीत."

त्यांनी मूठभर माती उडवून वारं बघितलं आणि कुदळ घातली. हौसा आणि मी माती ओढली. उन्हं कलायच्या आत चर तयार. आडोसा तेवढा नव्हता. मी सरळ चहाच्या तंबूच्या कनाती सोडून चराभोवती बांधल्या.

साहेब धावत आले. "बाई, पाहुण्यांना बाजूनं ऊन लागेल!"

"पाहुणे तासभर बसणार, साहेब. ह्या दहा दिवस बसणार."

हवालदारांनी तोंडावर उपरणं धरलं.

म्हातारी टमरेल घेऊन आत गेली. आम्ही परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे उभे. बाहेर येऊन तिनं कनातीच्या फटीत बोट घालून बघितलं.

"हितली गाठ ढिली हाय. कुणी मारली?"

माझीच होती. हवालदारांनी निमूट परत आवळली.

"आता बरं हाय. ऱ्हा गं हौसा. पर ऊन कडक हाय, पदर घेत जा."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी तिरपं ऊन झेलत चहा घेतला आणि घाम पुसत स्त्रियांच्या उन्नतीवर भाषण ठोकलं. बावीसच्या बावीस जणी दहा दिवस टिकल्या. हौसाला सर्टिफिकेट मिळालं, जूनला ती कायम झाली. मला मात्र मेमो आला, कनाती परवानगीशिवाय का हलवल्या म्हणून. मी एका ओळीत खुलासा केला आणि साहेबांनी तांबड्या शाईनं खोडलेला शब्द दोनदा लिहिला.

पुढं बरेच साहेब बघितले, बरीच शिबिरं लावली. जागा पसंत करायला कुणी निघालं की मी एवढंच सांगायची : "निघताना चार तांबे पाणी पिऊन घ्या आणि वर दुपारपर्यंत थांबा. जागा कशी आहे ते मला सांगावं लागणार नाही."