शुक्रवारी न दुखणारा माणूस

शुक्रवारची गोष्ट मी आयुष्यात किती वेळा सांगितली असेल, त्याला गणती नाही. तरुण डॉक्टरांना सांगितली, व्याहीमंडळींना सांगितली, एकदा तर सत्काराच्या व्यासपीठावरून सांगितली. पण जी सांगितली ती अर्धीच. उरलेली अर्धी मी कुणाला, अगदी बायकोलासुद्धा, सांगितलेली नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय, तर आधी माझी थोडी बढाई ऐकून घ्या. ती ऐकल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

हैदराबादच्या सुलतान बाजारात, कापडाच्या दुकानाच्या वर, माझा दवाखाना होता. माझ्याकडे यायचे ते पुरुष, आणि जिना चढताना दोनदा मागे वळून बघत यायचे. ओटीपोटात दुखतं, लघवीला जळजळ होते, दोन मांड्यांच्या मधे, बैठकीच्या जागी सतत ठणका – महिनोनमहिने, काहींचा तर वर्षानुवर्षं. प्रोस्टेट सुजलीय, असं कुणीतरी सांगून ठेवलेलं असायचं. हकीम झाले, वैद्य झाले, इस्पितळ झालं, की शेवटी माझा जिना. आणि मी त्यांना बरं करत होतो. सगळ्यांना नाही, पण इतरांनी हात टेकलेल्या पुष्कळांना.

कसं? एकाचा उपचार दुसऱ्याला दिला नाही म्हणून. दिवसभर मांडी घालून कपडे शिवणाऱ्या दर्ज्याला मी आधी उठून चालायला लावलं. बद्धकोष्ठाने बेजार झालेल्या सराफाचं आधी पोट साफ केलं. ज्याच्या लघवीत खरोखर पू सापडला त्याला औषध, आणि तेही शेवटच्या गोळीपर्यंत. नुकतं लग्न झालेला एखादा नुसत्या धास्तीने आखडून गेलेला असायचा. त्याला औषध काहीच नाही, फक्त कोमट पाण्याच्या टबात बसणं आणि माझ्याशी मोकळेपणाने बोलणं. तासभर विचारपूस केल्याशिवाय मी कागदाला पेन टेकवत नसे. आता मोठमोठे डॉक्टर हेच सांगतात म्हणे, की या दुखण्यात प्रत्येकाचं कारण निराळं, म्हणून उपचारही निराळा. अहो, आम्ही ते केव्हाच करून बसलो होतो! अभिमान आहे मला. का नसावा?

पण सुरुवातीला मी असा नव्हतो.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. मी अठ्ठावीस वर्षांचा, दवाखाना नवा. तयार औषधं मोठ्या बाटल्यांत भरलेली असायची आणि त्यांना नंबर असायचे. खोकल्याचं दोन, तापाचं चार. पुरुषांच्या ‘त्या’ तक्रारीला सरसकट सात. आमचे कंपाउंडर गफूरमियाँ खिडकीतून हाक मारायचे, “सात नंबरवाले, आओ!” की बाकावरची झाडून सगळी माणसं मान वळवून बघायची. सात नंबर म्हणजे परमा, गुप्तरोग, म्हणजे हा गडी नको त्या गल्लीत जाऊन आलेला – हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

त्या दिवसांत माणिकराव आले. परभणीकडच्या शेतकरी घरातले, महसूल खात्यात कारकून, अंबरपेठेत एका खोलीत राहणारे. वयाने माझ्याएवढेच. खुर्चीच्या कडेवर अर्धवट टेकून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, कसम घेऊन सांगतो, मी कुठे गेलेलो नाही.” मी हसलो. सगळेच कसम घेतात. मग ते म्हणाले, “आणखी एक अजीब बात आहे, साहेब. दफ्तरात बसलो की ठणका सुरू. जुम्म्याला मात्र बिलकुल नाही.” तेव्हा आमच्या राज्यात आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे. मी ते एका कानाने ऐकलं, दुसऱ्याने सोडलं आणि कागदावर सात लिहिलं.

रीतसर नमुना मात्र तपासायला पाठवला होता. आठवड्याने चिठ्ठी आली. पू नाही, जंतू नाही, काही नाही. चिठ्ठी मी ड्रॉवरमध्ये टाकली. तपासणाऱ्याची नजर चुकली असेल, माझी कशी चुकेल? खरंच असं वाटलं होतं मला.

आता जे सांगायचं ते – थांबा, आधी आमच्यातली एक रीत सांगतो. घराणं, नोकरी, पत्रिका सगळं पाहून झालं, की सुपारी फुटायच्या आधी मुलीचा बाप मुलाच्या डॉक्टरला भेटून यायचा. उघड विचारायचं नाही, उघड सांगायचं नाही. “मुलगा आपल्याकडे येतो म्हणे” – “हो, येतो, उत्तम मुलगा आहे” – एवढ्यावर लग्न ठरायचं. आणि दुसरं वाक्य आलं नाही, तर मोडायचं.

जामबागेतले दिगंबरराव वकील माझ्याकडे आले ते असेच. त्यांची शांता तिथल्याच शाळेत शिकवायची. माणिकरावांनी तिला पाहिलं होतं, तिनेही त्यांना. दोघांची पसंती होती. दिगंबरराव काठी गुडघ्याला टेकवून बसले आणि म्हणाले, “आमचे होणारे जावई आपल्याकडे येतात म्हणे.”

मी काय केलं? खोटं बोललो का? नाही, तसं शब्दाने नाही. खिडकीबाहेर बघितलं, चष्मा पुसला आणि म्हणालो, “वकीलसाहेब, एवढ्यात घाई करू नका.”

ते समजले. उठले, मला हात जोडले. आणि मला काय वाटलं सांगू? वाईट नाही वाटलं. छाती फुगली. एवढा जुना वकील माझ्यासमोर हात जोडून उभा, एका मुलीचं आयुष्य मी वाचवलेलं! त्या दिवशी मी जरा जास्तच जेवलो. चिठ्ठी ड्रॉवरमध्ये होती, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

पत्रिका जुळत नाही, असा निरोप माणिकरावांकडे गेला.

मग पोलीस ॲक्शन झाली, भारताची फौज आली. निजामाचे रझाकार गेले, राज्य बदललं, दफ्तरांतले साहेब बदलले. आणि आठवड्याची सुट्टी शुक्रवारची रविवारी गेली. दोन महिन्यांनी माणिकराव जिना चढून आले, पहिल्यापेक्षा वाळलेले. म्हणाले, “साहेब, आता जुम्म्यालाही दुखतंय. इतवारी नाही दुखत.”

ऐकणारे इथे हसतात. मीही हसलो होतो – आणि हसता हसता हातातलं पेन खाली ठेवलं. सरकारने सुट्टी बदलली म्हणून परम्याचा जंतू आपली सुट्टी बदलतो का? त्या दिवशी मी पहिल्यांदा एका रोग्यापुढे नीट बसलो. दीड तास विचारलं. आधी रझाकारांची भीती, मग नोकरीची. सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं, नव्या साहेबांना इंग्रजी हवं. हा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्चीवर अंग आवळून बसायचा, लघवीलासुद्धा उठायचा नाही – जागेवर नाही म्हणून मागे कुणी नाव काढलं तर? दुखणं त्या आवळण्याचं होतं. सात नंबर बंद केलं. तासातासाला उठायचं, अंबरपेठेपासून दफ्तरापर्यंत पायी जायचं, गरम पाण्यात बसायचं, उताणं पडून ओटीपोट सैल सोडायला शिकायचं. चार महिन्यांत ते खुर्चीवर ऐसपैस बसू लागले. मी सगळे नंबर काढून टाकले. माझी पद्धत जन्मली ती अशी. सत्काराला टाळ्या पडल्या त्या इथे.

ज्या दिवशी त्यांनी इतवारचं सांगितलं, त्याच दिवशी ते गेल्यावर मी ड्रॉवर उघडून चिठ्ठी पुन्हा वाचली. शांताचं लग्न अजून ठरलेलं नव्हतं. जामबाग माझ्या दवाखान्यापासून दहा मिनिटांवर. ‘माझी चूक झाली, मुलगा निरोगी आहे’ – एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. दुसऱ्या दिवशी कोट चढवून निघालोही. गल्लीच्या तोंडाशी पोचलो. दिगंबरराव ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसलेले दिसले. त्यांनी मान वर केली असती तर – पण नाही केली. आणि मी वळलो. वाटेत डझनभर केळी घेतली आणि घरी आलो.

का वळलो? डॉक्टर चुकतो हे त्या घरात कळलं असतं, म्हणजे जामबागेत कळलं असतं. मग माझा जिना कोण चढणार? नुकतं कुठे मला माझं शास्त्र सापडलं होतं! त्याला पहिल्याच दिवशी डाग? इतकं साधं होतं ते.

वर्षाच्या आत शांताचं लग्न दुसरीकडे झालं. मी जेवायला गेलो होतो. दिगंबररावांनी स्वतः येऊन मला जिलेबीचा आग्रह केला, मी खाल्ली. माणिकरावांना पुढे दोन स्थळं आली, दोन्ही मोडली. जामबागेतून कुजबुज पसरली होती, हे मला माहीत होतं. ते एकटेच राहिले. आणि माझ्याकडे येणारा दर दुसरा रोगी काय म्हणायचा? “माणिकरावांनी पाठवलंय.” माझी निम्मी कीर्ती त्यांच्या तोंडून पसरली आहे. ती खरी आहे, मी तिच्यातला एक शब्दही परत करणार नाही. पण ती उभी कशावर आहे, ते तुम्हाला आता माहीत झालं.

पुढे भाषावार प्रांत झाले. हैदराबाद राज्य तुटलं, मराठी जिल्हे मुंबई राज्याकडे गेले, माणिकरावांची बदली औरंगाबादला झाली. निरोप घ्यायला आले. चहा झाला, इकडचंतिकडचं बोलणं झालं. उठता उठता म्हणाले, “साहेब, एक विचारू? जामबागेच्या स्थळाने मला नको म्हटलं. पत्रिका तर जुळत होती, मी स्वतः दाखवली होती. माझ्यात काय खोट दिसली असेल त्यांना? तुमच्या कानावर काही आलं होतं?”

दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. गफूरमियाँही गेले होते.

मी म्हणालो, “नशिबाचे खेळ, माणिकराव.”

त्यांनी मान हलवली. मग वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत.