मागं तोंड करून बसणारा

मागच्या महिन्यात आम्ही मधूला अग्नी दिला. मधू म्हणजे माझा एकुलता एक पोरगा. तो लढाईत गेला, ब्रह्मदेशाकडं, त्याला बारा वर्षं होऊन गेली. तार आली तेव्हा आंजीच्या पोस्टमास्तरांनी आधी ती मनात वाचली, मग म्हणाले, "किसनराव, खाली बसा." मी उभाच राहिलो. विमान परत आलं नाही, एवढंच तारेत होतं. मधूची माय म्हणाली, "मेला असं तर नाई ना म्हणत?" ... ज्याचा देह सापडत नाही त्याची बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा, अशी रीत. बारा वर्षं भरली तशी तिनं मला बजावलं, "मी जित्ती हाय तोवर माह्या पोराले जाळाचं नाई." या हिवाळ्यात तीही गेली. आता मी डोळे मिटले तर त्याला अग्नी द्यायला कोण उरतं?

मी बैलगाड्या करणारा सुतार. घरच्या रेंगीत, म्हणजे बसायच्या छोट्या गाडीत, मधू लहानपणापासून मागच्या टोकाला बसायचा, पाय लोंबकळत, तोंड मागं करून. एकदा धक्क्यानं पडला, तर मी तिथं बसायला एक फळी ठोकून दिली. विचारलं, "काऊन रे, असा उलटा काऊन बसतं?" म्हणे, "बाबा, इथून माय दारात दिसते." वर्ध्याला शिकून मॅट्रिक झाला आणि विमानात भरती झाला. दिवस बेचाळीसच्या नंतरचे. आमच्या मुलखात घरोघरी चरखा, अर्धं गाव तुरुंग पाहून आलेलं. सोनबाकाकानं चौकात अडवलंच, "काय मधू, गोऱ्याची चाकरी?" मधू हसला. "काका, जपान्यानं बॉम्ब आणला तर तुमचं सूत पाहून परत जाईन काय तो?" सगळे हसले, सोनबाकाकासुद्धा. त्या दिवशी एवढं धीट चौकात दुसरं कोणी नव्हतं, हे मी बाप म्हणून सांगत नाही.

सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला, "बाबा, बॉम्ब टाकाचं विमान हाय. पायलट समोर पाहते, मी मागं तोंड करून बंदुकीवर. तुमच्या फळीवर बसल्यावानीच!" मायनं विचारलं, "तिथून काय दिसते रे?" म्हणे, "तुहं दार नाई दिसत, नाईतर हात केला असता." लढाई सरल्यावर त्याच्या तुकडीतला एक पंजाबी पायलट मुद्दाम घर शोधत आला. बॉम्ब टाकून सगळे परतत होते, मागं जपानी विमान लागलं. मधूच्या विमानानं पेट घेतला, तरी डोंगराआड जाईपर्यंत त्याची बंदूक थांबली नाही. "चाचाजी, वो पीछे देखता रहा, इसलिए हम आगे निकल आए." मायनं विचारलं, "पडताना पाह्यला तुम्ही?" तो म्हणाला, "नहीं माँजी." "मंग?" म्हणाली, आणि त्याला वाढायला उठली...

अग्नीच्या दिवशी गुरुजींनी पानांचा पुतळा बांधला, डोक्याच्या जागी नारळ. लोक तिरडी घेऊन आले. मी रेंगी जुंपली आणि पुतळा त्या फळीवर बसवला, तोंड मागं करून. शेजारचा गणपत म्हणाला, "किसनबा, मढं कोणी बसवून नेते काय?" मी म्हटलं, "तो कधी निजून गेला नाई." गुरुजी पुढं चालू लागले. सोनबाकाका आता काठी टेकत चालतो. नदीपर्यंत तो रेंगीच्या मागं आला, नारळ पडू नये म्हणून त्याला एक हात लावून.

परवा वर्ध्याला निघालो. गणपत हाकत होता. मी जाऊन त्या फळीवर बसलो, जन्मात पहिल्यांदा. दारात कोणी नव्हतं, कुलूप मीच लावलेलं. तरी वळणावरच्या कडुनिंबापर्यंत माझी नजर तिथंच. गणपत म्हणाला, "किसनबा, समोर येऊन बसा ना."

"तू हाक," म्हटलं, "मले इथून दिसते."