मोराच्या जागी फूल

दारव्ह्यातल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लोक मेमरी कार्ड घेऊन येतात ते बहुधा भांडायलाच. मशीनवर भरतकाम करणारी ताईही तशीच आली. "दादा, हे कार्ड खोटं हाये. आत पाव हिस्साबी माल नाही अन् मशीन म्हणते जागा नाही. सगळ्यात मोठी डिझाइन पुसली, तं जागा झाली एका फुलापुरती!"

कार्ड खरं होतं. कुणीतरी ते फॉरमॅट करताना ब्लॉक, म्हणजे आतला एकेक कप्पा, मोठा निवडला होता, बत्तीस केबीचा. फाइल कितीही छोटी असो, तिला अख्खा ब्लॉक मिळतो. उरलेली जागा मग दुसऱ्या फाइलीला मिळत नाही. बरणीत चिमूटभर जिरं असलं तरी वर कुणी हळद ओतत नाही. ताईची फुलं पाच-सहा केबीची, म्हणजे बहुतेक कार्ड वायाच गेलं होतं. "छोटा ब्लॉक ठेवून पुन्हा फॉरमॅट करतो, सगळं मावेल," मी म्हणालो.

"म्हणजे मोर उगाच पुसला मी?" ती स्टुलावर बसली.

मोर तिच्या अब्बांनी काढलेला. आयुष्यभर जरीकाम केलेला त्यांचा हात आता थरथरतो, पेन्सिल धरवत नाही. मूळ कागद केव्हाच हरवला, घरचा कॉम्प्युटर बंद पडला. मोर राहिला होता तो या कार्डावरच.

दुसरी प्रत न ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. तो गिळला आणि फॉरमॅट करायच्या आधी कार्ड आतून तपासलं. पुसलेली फाइल तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत आत तशीच असते. मोर एकाच ब्लॉकमध्ये मावलेला होता आणि ताईचं नवं फूल नेमकं त्याच ब्लॉकमध्ये जाऊन बसलं होतं. पण फुलाला सुरुवातीची थोडी जागाच पुरली. मी वाया गेली म्हणत होतो त्या उरलेल्या जागेत मोराचे पुढचे टाके जसेच्या तसे होते. खरं सांगतो, मला फार आनंद झाला.

ते टाके वेगळ्या फाइलीत काढले आणि संध्याकाळी तिच्या घरी मशीनवर चालवून पाहिले. कापडावर पिसारा आला, पाय आले. डोकं आणि मान नव्हती; ते सुरुवातीचे टाके फुलानं पुसले होते.

अब्बांनी कापडावरून बोटं फिरवली. "याची मान कुठी गेली?"

"फुलाखाली गेली, चाचा," मी म्हणालो.

ते लेकीला म्हणाले, "धर पेन्सिल. मी सांगतो, तू काढ."

मान थोडी आखूड झाली. ताईनं खोडरबर उचललं, तर अब्बांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं.